कच्चा टाका

मागच्या रविवारी लेक पुण्याहून आली होती. दुपारी पोळ्या लाटता लाटता, फोन खांद्यात दाबून, ती ऑफिसातल्या कुणाला तरी सांगत होती, "आत्ता चालतंय ना? मग जाऊ दे पुढं. नीट नंतर करू." मी शेजारी चहा गाळत होतो. निम्मा चहा ओट्यावर गेला. बायको म्हणाली, "झालं. खरात मॅडम आल्या अंगात."

आमच्या घरात हा माझा आजारच समजला जातो. कुलूप लावल्यावर ओढून बघणं, जिना उतरून परत येऊन पुन्हा ओढून बघणं, रिक्षावाल्याकडून "स्टेशनलाच ना?" हे दोनदा वदवून घेणं. मुलांना वाटतं बाप जन्मापासून भित्रा. तसं नाही. मी जन्माने चांगला बेफिकीर होतो आणि त्याचा मला अभिमान होता. भीती मला सव्विसाव्या वर्षी लागली, नोकरीत असताना. ज्या बाईंकडून लागली त्यांच्याबद्दल घरात मी आजवर धड सांगितलेलं नाही, कारण त्यांची गोष्ट सांगायला गेलं की माझी अब्रू मध्ये येते.

नव्वद सालानंतरचे दिवस. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या बऱ्याच. त्यातल्या एका मधल्या वकुबाच्या कंपनीत मी 'कॉम्प्युटर' होतो. म्हणजे लोक असंच म्हणायचे. "कॉम्प्युटर आला का? कॉम्प्युटर चहा प्यायला गेला." सहा महिन्यांचा क्लास केलेला, खिशाला दोन पेनं, आणि जगातला कुठलाही प्रोग्राम आपण एका बैठकीत लिहू अशी खात्री. गोदामाच्या कडेला पत्र्याची खोली होती. तीत दोन संगणक, एक लेबलं छापणारा प्रिंटर आणि एक पंखा. पंखा संगणकांकडे तोंड करून असायचा, माणसांकडे नाही.

आमचं काम सांगायला सोपं. अंगणापलीकडे लॅब होती. तिथे प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे मोजून ओल्या कागदावर लावायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते बघायचे. शंभरात किती, हा आकडा आमच्या प्रोग्राममध्ये भरला की पिशवीचं लेबल छापून यायचं. बाजरीला शंभरात पंचाहत्तर तरी उगवले पाहिजेत. त्याखाली लेबल नाही. शेतकरी काय वाचतो? तो आकडा वाचतो आणि घरी जातो.

हा प्रोग्राम खरात मॅडमनी लिहिलेला. त्या मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या. एक्याऐंशी साली बारावी सायन्स झाल्या तेव्हा त्यांच्या वस्तीतली तेवढं शिकलेली ती पहिली मुलगी. वडिलांची थोडी जमीन होती. मॅडम आमच्या कंपनीत आधी लॅबमध्ये कोंब मोजायला लागल्या. औरंगाबादचा प्रोग्रामर ऐन सीझनमध्ये सोडून गेला तेव्हा शेठनी त्यांना क्लासला पाठवलं, कारण अख्ख्या कंपनीत आकड्याला घाबरणारं माणूस तेवढं एकच होतं. शेठ हे कौतुकाने सांगायचे. मी ते विनोद म्हणून ऐकायचो.

ठेंगणी बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एन्टर दाबण्याआधी त्यांचं बोट एकदा मागे यायचं, तवा तापला का बघताना येतं तसं. आणि प्रोग्राम वाचायच्या त्या खालून वर. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची, ओठ हलवत. मी एकदा विचारलं, गोष्ट शेवटाकडून वाचून काय कळतं? त्या म्हणाल्या, वरून खाली वाचलं की आपण काय लिवलं ते दिसत न्हाई, काय लिवायचं होतं तेच दिसतं. हे मला पटायला फार वर्षं गेली.

फ्लॉप्या त्या डब्यातून घरी न्यायच्या. तीन पुडांचा जेवणाचा डबा. वरचं पूड फ्लॉप्यांचं. चोर डब्याला हात लावत नाही, धूळ आत जात नाही, आणि डबा कुणी विसरत नाही, असं त्यांचं शास्त्र. एकदा शेठच्या पाहुण्यांनी भाजीसाठी डबा उघडला आणि मॅडम इतक्या जोरात "हात नका लावू" म्हणाल्या की पाहुण्यांनी पुढे दोन दिवस आमच्या खोलीत पाणीही घेतलं नाही.

त्यांचे यजमान जुन्या जालन्यात शिंपी. धान्याच्या आडतींच्या मागच्या बोळात त्यांचं मशीन होतं, आणि मॅडमचे सगळे शब्द त्या मशीनवरून आलेले. प्रोग्राम लिहिताना घाईत, तात्पुरतं, आज निभावून नेण्यापुरतं काही केलं की त्याला त्या 'कच्चा टाका' म्हणायच्या. कपडा नीट शिवण्याआधी शिंपी लांब लांब टाके घालून धरून ठेवतो तो. कच्च्या टाक्याला त्यांची ना नव्हती. लगीनसराईत कुणाचं काम त्याच्यावाचून भागतं? पण तो घातला तर कुठे घातला ते सांगून घालायचा आणि उसवायचा दिवस त्याच वेळी ठरवायचा. प्रोग्राममध्ये त्या ओळीपुढे 'क.टा.' या अर्थाची इंग्रजी दोन अक्षरं, तारीख आणि नाव. मी विचारायचो, एवढं कशाला? तेव्हा त्या एका नवरदेवाची गोष्ट सांगायच्या.

लग्नाच्या सकाळीच कोट आणायला आलेला नवरदेव. बाही राहिलेली. त्यांच्या यजमानांनी ती कच्च्या टाक्यावर धरली आणि त्याला बजावलं, दादा, काही करा पण हात खांद्याच्या वर नेऊ नका. नवरदेव हो म्हणाला, पण घरी कुणालाच बोलला नाही. तिकडे हार घालायच्या वेळी नवरीच्या मामाने तिला उचललं. मग नवरदेवाच्या दोस्तांनी त्यालाही उचललं आणि ओरडले, हात वर कर. हार नवरीच्या गळ्यात गेला आणि बाहीपण गेली. "बाही गेल्याचं काही न्हाई," मॅडम सांगायच्या, "पण उचलणाऱ्याला ठाऊक न्हवतं ना."

मी हसायचो. त्या कधीच हसल्या नाहीत.

आता त्यांच्या प्रोग्राममधली एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं. लॅबमधून आकडे दोन वाटांनी यायचे. आधी तांगडे म्हणून लॅबचा माणूस इंटरकॉमवर सांगायचा. ते मी ऐकून भरायचो. नंतर लॅबची चिठ्ठी यायची. तिच्यावरून मोरे कारकून तोच लॉट पुन्हा पहिल्यापासून भरायचे, माझं न बघता. अकराच्या अकरा रकाने. दोघांचं जुळलं तर लेबल. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर मशीन चिडीचूप. मोऱ्यांनी एकदा जातीच्या नावात वेलांटी आखूड दिली म्हणून दीड तास ट्रक उभा होता.

मे महिन्याचा शेवट. पावसाआधी धूळपेरणी करणारे लोक बियाण्याला आलेले, रोज गाड्या भरायच्या, आणि मोरे मेहुणीच्या लग्नाला आठ दिवस गेलेले. शेठ स्वतः आमच्या खोलीत आले. ते कधी ओरडायचे नाहीत. खुर्ची ओढून बसायचे, आणि आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची. म्हणाले, मॅडम, ते दुसऱ्यांदा भरणं बंद करा. मॅडम नाही म्हणाल्या. का, तेही सांगितलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं सगळं बराबर," ते म्हणाले. "पण लोकं पेरून मोकळी होतील आन् आपण इथं लेबल नीट छापत बसू. मंग ते लेबल माझ्या कपाळाला लावा. गोदामात राह्यलेलं बी पुढच्या सालाला मरतं, मॅडम. तुम्ही लॅबमधल्या, तुम्हाला काय सांगू."

 त्या दिवशी जेवायच्या सुटीत मॅडमनी डबा उघडून तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मला म्हणाल्या, जगनभाऊ, टाका घाला. आठ दिवस. मोरे आले की उसवायचा. तोपर्यंत रोज संध्याकाळी चिठ्ठ्या आणि छापलेली लेबलं मी स्वतः जुळवते, त्याबिगर दुसऱ्या दिवशी गाडी हलणार न्हाई. शेठना जाऊन हेच सांगितलं, आणि शेठनी मान्य केलं.

मी एका ओळीत काम केलं. दुसरी भरणी वगळून थेट लेबल. किती वेळ लागला म्हणता? चहा गार व्हायच्या आत. ती ओळ मला इतकी आवडली की त्या दिवशी मी ती तीन जणांना दाखवली. त्यातला एक वॉचमन होता. आठ दिवस लेबलं धो धो पडली. मॅडम रोज संध्याकाळी तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या काढून मोजून बसायच्या, कपाळावर आठ्या, शेजारी पाण्याचा तांब्या. एकही चूक निघाली नाही. मला वाटलं, बघा, उगीच भितात.

नवव्या दिवशी मोरे आले, आणि नेमक्या त्याच दिवशी मॅडमना वडिलांच्या मोतीबिंदूसाठी दोन दिवस रजा घ्यावी लागली. जाताना टाका आजच उसवायचं सांगून गेल्या. दुपारी दवाखान्याच्या जवळच्या बूथवरून फोन. "उसवला का?"

"उसवला, मॅडम," मी म्हणालो.

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नाही. वाटलं, थोडं आधी खरं बोललो. संध्याकाळी करणारच होतो. मग शेठ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, जगन, आता पळायला लागली मशीन. मोरे पिशव्या शिवायच्या कामावर खूश होते. उद्या करू म्हटलं. त्या 'उद्या'च्या दिवशी तांगडेंनी बाजरीचे सात लॉट सांगितले. तोंडात तंबाखू, इकडे गोदामात पिशव्या शिवायचं मशीन घरघरतंय. एका लॉटला मला स्पष्ट ऐकू आलं ते एवढंच : "एकोण". पुढचं मशीनने खाल्लं. मराठीत हा 'एकोण' मोठा बेइमान शब्द आहे. त्याच्यापुढे काय येईल सांगता येत नाही. पुन्हा विचारलं की तांगडे चिडायचे. आधीचे सगळे लॉट ऐंशीच्या आसपास होते. मी एकोणऐंशी भरलं. लेबल पडलं. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे जाफराबादला गेली.

त्या सकाळी मॅडम आल्या, आणि पर्स खाली ठेवायच्या आधी तारेवरच्या चिठ्ठ्या काढल्या. मी पाठमोरा बसलो होतो. कागदाची सळसळ थांबल्याचं मला मानेवर कळलं.

"जगनभाऊ, ह्या लॉटला दोनदा भरलं होतं ना?"

मी वळलो. त्यांच्या हातात तांगडेंची चिठ्ठी होती. एकोणसत्तर. आकड्यांत लिहिलेलं आणि खाली अक्षरांतही. मी चिठ्ठीकडेच बघत राहिलो. त्यांना उत्तर मिळालं होतं. त्या चिडतील असं मला वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि तेवढी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचू लागल्या, खालून वर, ओठ हलवत. एखाद्या माणसाला माझ्यामुळे इतकं भ्यालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग उठल्या आणि सरळ शेठच्या केबिनकडे निघाल्या. मी मागे गेलो, म्हणजे माझे पाय गेले.

शेठनी चिठ्ठी बघितली, लेबल बघितलं. पिशवीवर त्यांच्या वडिलांचं नाव छापलेलं असायचं. त्या नावावर त्यांनी अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "कुणाच्या हातनं?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी पुढे व्हायला हवं होतं. मी दारालाच टेकून उभा राहिलो. 

"टाका मी घालायला सांगितला," मॅडम म्हणाल्या. "उसवला का न्हाई, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं काम पण माझंच. फोनवर इचारून भागत न्हाई."

शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं असावं. त्यांनी जीप दिली, दुसऱ्या लॉटच्या पिशव्या दिल्या, आणि म्हणाले, पेरायच्या आत परत आणा.

जालन्याहून जाफराबादचा रस्ता काही फार लांबचा नव्हता, पण त्या दिवशी तो संपेना. मॅडम पुढे, मी मागे पिशव्यांवर. भोकरदन मागे पडलं. वाटेत दोन्हीकडे औतं चालू होती, धूळ उडत होती, आणि पेरणीच्या प्रत्येक पाभरीकडे मी मान वळवून बघत होतो. ही आपलीच बाजरी तर नसेल? मग मॅडम, मागे न बघता, बोलायला लागल्या. त्या इतकं सलग बोललेल्या मी तेव्हाच ऐकल्या.

लॅबमध्ये नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. चारशे दाण्यांचे चार ट्रे. एका लॉटचा तिसरा ट्रे वाळून गेला होता, पाणी घालायचं राहिलं होतं, त्यांच्याच हातून. वरचे साहेब म्हणाले, बाकी तिन्हींची सरासरी लिही, कुठं परत दहा दिवस थांबतेस. त्यांनी लिहिली. त्या सालात केदारखेड्याला त्यांच्या वडिलांनी लेकीच्या कंपनीचं म्हणून मुद्दाम तेच बी आणलं. विरळ उगवलं. लॉटचा नंबर मॅडमनी पिशवीवर बघितला तेव्हा त्यांना समजलं. दोष खरंच त्या ट्रेचा होता का दुसऱ्या कशाचा, हे कधीच कळणार नव्हतं, कारण तिसरा ट्रे कुणी मोजलाच नव्हता. वडील बांधावर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, बी खोटं असायचं न्हाई, माझी पोरगी मोजती तिथं. जमिनीनंच पाठ फिरवली असंल.

"मी तिथंच उभी होते," मॅडम म्हणाल्या. "तवापासून मला भ्या वाटतंय, जगनभाऊ. आकडा न्हाई तिथं आकडा लिवायचं."

मी 'एकोण' ऐकून एकोणऐंशी भरलं होतं, हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं.  त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, जरा जल्दी घ्या.

जाफराबादच्या दुकानात माल उतरला होता. चार जणांनी पिशव्या नेलेल्या. पावतीपुस्तकात नावं होती. तिघं अजून गावातच होते, एक एसटी स्टँडवर भजी खात, दोघं गावाकडची प्रवासी जीप भरायची वाट बघत. मॅडम प्रत्येकाजवळ जाऊन, भर रस्त्यात, कंपनीचं नाव घेऊन सांगत होत्या की पिशवीवरचा आकडा चुकीचा आहे. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, जालन्याच्या कंपन्या असल्याच. कुणीतरी शिवी दिली. मी मॅडमच्या मागे उभा होतो आणि खोटं वाटेल पण त्यांच्या पदराआड जाता आलं तर बरं, असं सव्वीस वर्षांच्या मला वाटत होतं. त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. पिशव्या बदलून घेतल्या.

चौथे सखाराम काका. ते दोन पिशव्या घेऊन अलीकडच्या एका खेड्याला केव्हाच गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा पाभर अर्ध्या रानात पोचलेली. पहिली पिशवी रिकामी होऊन बाभळीच्या काट्याला लटकत होती. साठीचे, काटक, डोक्याला पंचा. मॅडम ढेकळांतून चपला हातात घेऊन त्यांच्यापर्यंत गेल्या.

"काका, पिशवीवरचा आकडा खोटा हाये."

"बी खोटं हाये व्हय?"

"बी खरं हाये. एकोणऐंशी लिवलंय, पण एकोणसत्तर हाये."

काकांनी बैल थांबवले. मागे वळून पेरलेल्या रानाकडे पाहिलं. मला वाटलं आता हातातला आसूड आमच्यावर येणार. आणि आला असता तर मी पळालो नसतो, असं लिहायचा मोह होतो. पण मी जीपपासूनचं अंतर मोजून ठेवलं होतं.

"मंग दाट सोडलं असतं की," काका म्हणाले. "एवढंच सांगायचं व्हतं. बी कमी उगवतं त्याचं काय न्हाई, बाई. म्हातारा बैल बी मी औताला धरतोच. पण तो म्हातारा हाये, हे धरणाऱ्याला ठाऊक पायजे का न्हाई?"

 मॅडमनी दुसऱ्या लॉटच्या दोन पिशव्या पुढे केल्या. उरलेल्या रानासाठी काकांनी एक घेतली. दुसरी पेरलेल्यासाठी ठेवा, मोडून पुन्हा पेरा, असं मॅडम विनवत होत्या, काका ऐकेनात. जमिनीत गेलेलं उकरायचं नसतं म्हणाले. आता उगवल्यावर या बघायला, मंग बोलू. हे ते साधेपणाने म्हणाले होते, पण मला ती तारीख वाटली, कोर्टातल्यासारखी.

परत आल्यावर शेठ आणि मॅडम तासभर बोलत होते. मला बाहेर बसवलं होतं. नोकरी गेली, असं धरून मी टेबलाचा खण आवरून ठेवला. आत दोन पेनं आणि एक कंगवा निघाला. झालं वेगळंच. शेठ म्हणाले होते, मॅडम, दोनदा भरा, पण ट्रक थांबता कामा नये, हे दोन्ही कसं जमवायचं ते तुम्हीच सांगा. आणि मॅडमनी सांगितलं. दुसऱ्यांदा अकरा रकाने नाही भरायचे. उगवणीचा आकडा आणि लॉटचा नंबर, दोनच. वेलांटीने कुणाचं पीक बुडत नाही. आणि तांगडेंनी आकडा सुटा सुटा सांगायचा, एकोणसत्तर नाही, सहा नऊ. ट्रक पहिल्यापेक्षा लवकर हलायला लागले. मी मॅडमना म्हणालो, हे आधीच केलं असतं तर टाक्याची वेळच आली नसती. त्या म्हणाल्या, खरंय. "कमी करायचं भ्या वाटत होतं. सगळ्यालाच भिऊन राह्यले होते. कशाला भ्यावं, ते निवडलंच न्हाई."

त्यांच्या तोंडून स्वतःची चूक इतक्या सहज ऐकून मला माझी शेठसमोर न सांगितलेली चूक जास्त बोचली. अजून बोचते. शेठ गेले, कंपनी बदलली, पण 'चूक माझी' हे वाक्य मी कधी बोललो नाही.

पाऊस वेळेवर झाला. त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत मॅडमनी एकदाही सखाराम काकांचं नाव काढलं नाही. पण जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत जायचा. एका सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, जगनभाऊ, आज रजा टाका. आम्ही एसटीने गेलो. फाट्यावर उतरलो. काकांचं रान रस्त्यावरून दिसायचं, दोन शेतं सोडून. मॅडम फाट्यावरच थांबल्या, लिंबाखाली, रानाकडे पाठ करून. मला म्हणाल्या, तुम्ही जा. बघून या.

मी गेलो. काका रानात नव्हते. बाजरी आली होती. काकरीकाकरीने हिरव्या पोपटी ओळी, वीतभर. उजवीकडचं, आम्ही बदलून दिलेल्या पिशवीचं, भरगच्च. डावीकडे मध्ये मध्ये मोकळ्या जागा, खाडे म्हणतात तसे. पण रान हिरवं दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. पळतच परत आलो आणि त्यांच्या पाठीलाच म्हणालो, "बरं आलंय, मॅडम."

त्या वळल्या नाहीत.

"बरं म्हंजी किती?"

मी म्हणालो, बरं म्हणजे, तसं चांगलंच आहे, थोडं विरळ, पण लांबून कळतसुद्धा नाही.

"एका काकरीत खाडे किती?"

मी मोजले नव्हते. आणि मला ठाऊक होतं, मी आत्ता पाच म्हटलं तरी त्यांना ते खरं मानावं लागेल. त्या वळून बघणार नव्हत्या. बघायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, म्हणून तर त्यांनी मला आणलं होतं. मलाच, ज्याने फोनवर 'उसवला' म्हटलं होतं.

मी परत रानात गेलो. डावीकडची पहिली काकरी धरली आणि वाकून एक एक रोप, एक एक खाडा मोजत निघालो. मध्येच आकडा चुकला. कुणी बघत नव्हतं. मी बांधापर्यंत मागे आलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ऊन चढलं होतं, मान दुखत होती. काकरीच्या शेवटाला पोचून मी मान वर केली तेव्हा लांब फाट्यावर, लिंबाखाली, त्यांची ती ठेंगणी पाठ तशीच दिसत होती. एक एसटी येऊन थांबली, थोडा वेळ उभी राहिली, आणि त्यांना न घेता निघून गेली.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकत्र काम केलं. पण खरात मॅडम म्हटलं की मला दिसते ती ती पाठ. त्या दिवशी मी वळलो आणि दुसरी काकरी मोजायला घेतली.